लेखाशीर्ष

विदगावचा पूल आला की एसटीत मी फाइल उघडते.
खाली तापी, वैशाखात उरते तेवढीच.
मांडीवर प्रस्ताव: सहाय्यित निवास, चोपडा,
अकरा खोल्या, अकरा कुलपं,
आणि एक बाई, जिला कुठल्या ओळीत बसवायचं
ते तीन बैठकांत ठरलेलं नाही.

बांधकामाचं खातं वेगळं.
जेवण दरडोई, दरमहा, मागच्या दिवाळीपासून थकलेलं.
औषधं सरकारी, उपलब्धतेनुसार.
"पण रोज सकाळी सहाला दारं वाजवत फिरणं,
'उठनात का नाना?' म्हणणं,
हे कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, मॅडम?"
सचिव बोरोले विचारतात,
आणि त्यांचं बिस्किट चहात तुटून पडतं.

मी सल्लागार. सल्ला देते.
पर्यवेक्षण लिहा.
नको, त्याला पदविका लागते, सुपडाबाई चौथी पास.
सुरक्षा लिहा.
त्याला एजन्सी लागते, शिट्टी लागते, पुरुष लागतो.
मग सफाई लिहा. एका सहीत मंजूर होईल,
साडेचार हजार.

सुपडाबाई चौकटीला टेकून ऐकत होती.
म्हणाली, "मी आठे झाडू माराले येस का?"

मग तिनं मला दारं दाखवली.
दोन नंबर, हिलाल अण्णा, कानानं गेलेले:
दार नाही, उंबऱ्यावर टाच आपटायची, फरशीतून त्यांना कळतं.
पाच नंबरला नावानं हाक,
पण संपूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट,
नाहीतर ते ओ देत नाहीत.
सात नंबर रुखमा बारेला.
अठरा वर्षं वॉर्डात होती, कडी बाहेरून.
तिथं वाजवायचं नाही. पाण्याची बादली
जरा जोरात ठेवायची आणि पुढं जायचं.
थोड्या वेळानं आतली कडी निघते. तिची ती काढते.

मागच्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता:
आतील कड्या काढून टाकाव्यात, लाभार्थी कोंडून घेण्याचा धोका.
उत्तर मी तयार करून दिलं, दोन पानी, परिपत्रकांच्या क्रमांकांसह.
खरं उत्तर एका ओळीचं होतं.
ते जावक नोंदवहीत चढत नाही.

चार नंबरचं दार पौषात उघडलं नाही.
सहा वाजून चार मिनिटं झाली होती.
साडेसहाला डॉक्टर, सातला पुतण्याला फोन, तो सावद्याहून निघाला.
मृत्यू झोपेत, पहाटे कधीतरी.
मी हे प्रस्तावात घातलं, परिशिष्ट क, यशोगाथा या मथळ्याखाली,
कारण नमुन्यात दुसरा मथळा नव्हता.
धुळ्याला एका कॉलनीत असंच एक दार
नवव्या दिवशी उघडलं होतं. शेजाऱ्यांना वास आला म्हणून.
तेही लिहिलं होतं. बोरोलेंनी खोडलं,
"एवढं नको, मॅडम, वाचणारा जेवायला बसलेला असतो."

चार नंबरात आता पारोळ्याचे मास्तर राहतात.
सुपडाबाईनं दार वाजवायच्या आतच
ते आतून 'हजर' म्हणतात.

दुपारी व्हरांड्यात पत्रा तापला, तरी आम्ही तिथंच बसलो.
कळण्याची भाकरी, ठेचा, केळीच्या पानावर.
मी तक्त्यात एक नवी ओळ आखली,
जिला नियमात आधार नाही:
दार वाजविणे, दररोज, नग अकरा.
मंत्रालयात ती लाल पेनानं जाईल,
मला ठाऊक आहे, मी त्या टेबलांसमोर बसले आहे.
तरी दर लिहिला. महिन्यानं गुणला, वर्षानं गुणला,
सुपडाबाईला वाचून दाखवला.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
मग म्हणाली, "रुखमाना पैसा धरू नका.
तिनं दार मी वाजाडत नही."

अकराचे दहा केले.
सगळी बेरीज पुन्हा करावी लागली,
आणि साडेचारची गाडी गेली.